पलीकडचा आरसा

३ फेब्रुवारी

धाकटे,

आज सकाळी यार्डातून गाडीत सिमेंटचे ब्लॉक भरले. साडेआठला नवीन साइटच्या गेटवर पोचलो आणि पावणेनऊला परत फिरलो. दुपारी गाडीतच डबा खाल्ला. आता घरी आहे. गाडी भरलेलीच दारात उभी आहे.

तू फोनवर विचारलंस तेव्हा मी 'ठीक आहे' म्हणालो. तसं ते ठीक नाही. फोनवर मला सांगता येत नाही, तुला माहीत आहे. इतकी वर्षं फोन आला की तुझ्या ताईच्या हातात द्यायचा आणि बाजूला उभं राहायचं, ही सवय. म्हणून लिहितो.

गेटवरच्या माणसाने विचारलं, "वेळ घेतलीय का?"

मी म्हणालो, "कसली वेळ?"

"आत यायची."

"अहो, ब्लॉक तुम्हीच मागवलेत."

"ब्लॉक मागवलेत. तुम्हाला कुठे मागवलंय?"

मग त्यांचे सेफ्टीवाले साहेब आले. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मी चपला घातल्या होत्या. म्हणाले, "काका, इथे पायावर ब्लॉक पडतात." मी म्हणालो, माझ्या कधी पडला नाही. ते म्हणाले, "मग आजही नको." हेल्मेट नाही, चमकणारं जाकीट नाही, मागे जाताना वाजणारा भोंगा नाही, अशी बरीच 'नाही' त्यांनी मोजून दाखवली. माणूस उद्धट नव्हता. पण आत सोडलं नाही.

यार्डाचे मालक म्हणतात, वर्ष-दीड वर्ष सगळा माल याच साइटवर जाणार. तिथे गाडी लागली तर ठीक, नाही तर त्यांच्याकडे मला दुसरं काम नाही. गाडी विकायची असेल तर गिऱ्हाईक बघून देतो, असंही म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले. पण मला गाडी विकायची नाही.

तू अशाच साइटवर सेफ्टी ऑफिसर आहेस. या लोकांना नेमकं काय हवं असतं ते लिही. पत्रानेच कळव.

भाऊजी


९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पाकीट आलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, कोर्टाची नोटीस आली. आमच्या ह्यांनी ते उजेडासमोर धरून बघितलं. उघडलं तर आत तुम्ही! तेही पानभर! माझ्या लग्नात तुम्ही चार दिवस आमच्याकडे होतात आणि दोनच वाक्यं बोललात. आल्यावर "गाडी कुठे लावू" आणि जाताना "निघतो". आता हे पत्र मी कपाटात जपून ठेवणार आहे.

तुमच्या त्या साहेबांचं नाव आजपासून नियमराव. आणि एक सांगून ठेवते, इथली नियमरावीण मीच आहे. रोज दहा ड्रायव्हर मला मनातल्या मनात शिव्या देत परत जातात. तुमचं पत्र वाचल्यापासून त्यातल्या प्रत्येकाच्या चपला मला ओळखीच्या वाटायला लागल्यात.

आता नीट ऐका. हेल्मेट, जाकीट आणि पुढे लोखंडी टोपी असलेले बूट. त्याशिवाय गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. गेटची वेळ आदल्या दिवशी मागून घ्यायची, कारण वर क्रेन फिरत असते आणि तिच्याखाली दोन गाड्या एकदम नको असतात. मालावर पट्टा. गाडी उभी केली की चाकाखाली पाचर. विम्याचे आणि ब्रेकच्या तपासणीचे कागद हाताशी, सीटच्या पोटात नव्हे. मागे जाताना वाजणारा भोंगा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. गाडी मागे घेताना साइटचा एकच माणूस इशारे करतो, त्याच्या हातात झेंडा असतो. गाडीच्या मागे दुसऱ्या कुणीही उभं राहायचं नाही, अगदी तुमच्या गाडीबरोबर आलेल्यानेही नाही. तुम्ही आरशात फक्त त्या झेंडेवाल्याकडे बघायचं. तो आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक. वाद नाही, अंदाज नाही, "मला माहितीय" नाही. सगळ्यात जास्त माणसं मागे जाणाऱ्या गाडीखाली जातात, भाऊजी. हे मी चेष्टेत सांगत नाहीये.

हा सगळा व्याप नको असेल तर सरळ इकडे या. आमच्या स्टोअरला माणूस हवाय. बसून काम आहे. खुर्चीला रिव्हर्स नसतो.

तुमची एकुलती एक मेव्हणी


२१ फेब्रुवारी

धाकटे,

काल साइटवर गेलो. आत घेतलं. माल उतरला नाही.

तू लिहिलंस तसं सगळं केलं होतं. बूट घेतले, ते चावतात. दोन हेल्मेट घेतली, दोन जाकिटं घेतली. भोंगा बसवला. तो वाजला की आमच्या गल्लीतली कुत्री त्याच्या सुरात सूर मिळवतात. लाकडाची पाचर स्वतः तासली. वेळ दहाची मिळाली होती. मी नऊला पोचलो तर म्हणाले, लवकर येणंही चालत नाही आणि गेटबाहेर थांबणंही चालत नाही. मग लांब जाऊन एका शाळेच्या भिंतीशी तासभर गाडी लावली. मधल्या सुट्टीत पोरांनी येऊन विचारलं, तुम्ही अग्निशामक आहात का. जाकिटामुळे विचारलं असेल.

आत नियमरावांनी (तुझं नाव माझ्या तोंडात बसलं आहे, एकदा त्यांच्यासमोर निघता निघता राहिलं) खुर्चीवर बसवून सूचना वाचून दाखवल्या आणि प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर आली.

मग गाडी मागे घ्यायची होती. गेटपासून इमारतीपर्यंत अरुंद वाट आहे, वळायला जागा नाही, उलटंच जावं लागतं. झेंडेवाला उभा होता. मला जमलं नाही. आधी मी थांबलो तो थांबलोच. तो मागे या म्हणून हात हलवत होता, असं नंतर कळलं. गेटवर अडकलेल्या गाड्यांनी हॉर्न दिले म्हणून गाडी घेतली, तर थांबायच्या जागेच्या मागे गेली. एक लोखंडी कठडा आडवा झाला. कुणाला लागलं नाही. नियमरावांशी थोडं बोलणं झालं.

पुढचा माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागणार आहे. तेव्हा पुन्हा एकदा बघू म्हणाले. त्या वेळी जमलं नाही तर माझ्या गाडीला गेट कायमचं बंद.

तुझ्या ह्यांना विचारलं म्हणून सांग.

भाऊजी


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

कठड्याच्या घरच्यांना माझं सांत्वन कळवा.

अहो, गाडी चालवून तुमचे केस पिकले आणि एक झेंडेवाला दिसत नाही? त्याला आम्ही मुद्दाम भडक जाकीट घालतो, झेंडा देतो, दोन्ही हात पसरून उभा करतो. याहून जास्त दिसायचं म्हणजे त्याला पेटवूनच द्यावं लागेल. मला वाटतं, तुम्ही त्याच्याकडे बघतच नाही. "मला कोण सांगणार मागे कसं जायचं," हा ताठा! प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला असतो. आमच्याकडे त्यावर औषध आहे. अशा ड्रायव्हरला दिवसभर झेंडा देऊन उन्हात उभं करतो. संध्याकाळपर्यंत ताठा कमरेत उतरतो.

आणि तुमचं ते "थोडं बोलणं" म्हणजे काय झालं? आवाज चढला? तुमचा? हे बघायला मी तिकीट काढून आले असते.

आता मुख्य मुद्दा. हेल्मेट दोन कशाला? एकावर एक घालता? की शेजारच्या सीटवर कुणी बसायला लागलंय? तसं असेल तर लपवू नका, मी हक्काची मेव्हणी आहे, आधी मला पसंत पडायला हवी. तिला एकच अट सांगा, तुमच्या "हं"चे सतरा अर्थ पाठ करावे लागतील. ताईला त्यातले सोळाच येत होते.

लवकर लिहा. मी नाव ऐकायला अधीर आहे.

तुमची मेव्हणी


२२ मार्च

भाऊजी,

पत्र नाही. मी फोन केले, तुम्ही "हं" म्हणालात आणि ठेवलात. मला वाटलं कामात असाल.

आज आमच्या गेटवर सळ्यांची गाडी आली. दोघं भाऊ. एक चालवणारा, दुसरा शेजारी. गाडी मागे घ्यायची वेळ आली तशी धाकट्याने खाली उडी मारली, मागे गेला आणि फाळक्यावर हाताने थाप मारली. धप्प. मी शिट्टी वाजवत धावले. मागे कुणी उभं राहायचं नाही हा माझाच नियम. त्याला बाजूला ओढलं, चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "बाई, थाप पडल्याशिवाय दादा हलत नाही."

मी तिथेच उभी राहिले.

लग्नानंतर आम्ही पहिली खोली घेतली तेव्हा माझं सामान तुमच्याच गाडीतून आलं होतं. आमची गल्ली तेवढीशी. ताई पदर खोचून मागे उभी. एक थाप म्हणजे येऊ द्या, लागोपाठ दोन म्हणजे थांबा. सगळी गल्ली खिडकीत आली होती. भिंत आणि गाडी यांच्यात हातभर जागा उरली तेव्हा तिने दोन थापा मारल्या आणि वर बघून मला म्हणाली, "बघ, माझ्या हातात एवढा मोठा माणूस आहे."

तुम्ही थापेची वाट बघत होतात, भाऊजी. हो ना? आणि दुसरं हेल्मेट कुणाचं ते मला आज कळलं. मी काय काय लिहून बसले! माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि मान खाली घातली होती, म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही. नियमरावीण गेटवर रडते हे इथे कळलं तर उद्यापासून सगळे चपलेत येतील.

रागावला असाल तर रागवा, पण लिहा.

एक मात्र अजून कळत नाही. थापेची वाट बघितलीत, मान्य. पण झेंडेवाला समोर आरशात होता. तो दिसला कसा नाही?

धाकटी


२८ मार्च

धाकटे,

आज काम नव्हतं. गाडी धुतली. दुपारी टायरमधली हवा बघितली. नंतर तुझं पत्र पुन्हा वाचलं.

हो, थापेची वाट बघत होतो.

हेल्मेटबद्दल तू लिहिलंस त्याचा राग आला नाही. काय उत्तर लिहावं ते सुचेना, म्हणून राहिलं. दुकानदाराने विचारलं, किती देऊ. मी म्हणालो, दोन. बोलून गेल्यावर लक्षात आलं. 'नको, एकच द्या' म्हणायला पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं, ते केलं नाही. ती असती तर म्हणाली असती, "तोंड उघडायला पैसे पडत नाहीत, तुम्हाला न उघडायला पडले."

आता आरशाचं. तुला मी सगळं लिहिलं नव्हतं.

पलीकडच्या बाजूचा आरसा माझ्यासाठी लावलेला नाही. तो तिच्या सीटवरून दिसेल असा फिरवलेला आहे. गाडी घेतली त्याच महिन्यात तिने तो फिरवून घेतला. म्हणाली, "अहो, तुम्ही पुढचं बघा, मागचं मी बघते." तेव्हापासून त्या बाजूचं मी कधी बघितलंच नाही. सायकल आली, सायकल गेली, कुत्रं बसलंय, घ्या आता, हे ती सांगायची. मागे घ्यायची असली की खाली उतरायची आणि थाप मारायची. मला माझ्या सीटवरून त्या आरशात फक्त रस्त्याकडेचं दिसतं, आणि झेंडेवाला त्याच बाजूला उभा होता.

ती गेल्यावर मी जिथे सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येतं तिथलीच कामं घेत होतो. मालकांना वाटलं, मी निवडक झालो आहे. या साइटवर तशी सोय नाही.

त्या दिवशी कठडा पडल्यावर नियमराव गाडीपाशी आले. म्हणाले, "काका, या आरशात तुम्हाला काय दिसतं?" मी खरं ते सांगितलं. म्हणालो, कुंपण. ते हसले आणि आरसा फिरवायला त्यांनी हात वर केला. मी त्यांचा हात धरला. जोरात धरला. ते म्हणाले, "काका, सोडा." मी लगेच सोडला नाही. सगळे बघत होते. ते थोडं बोलणं म्हणजे हे.

तेव्हाच त्यांनी गेट बंद केलं असतं तरी मी त्यांना काही म्हणालो नसतो. त्यांनी हात चोळला आणि एप्रिलमध्ये या म्हणाले.

गाडी ठेवायची तर आरसा फिरवायला हवा, एवढं मला कळतं. रोज सकाळी पाना घेऊन जातो. मग काहीतरी दुसरंच घट्ट करून परत येतो. गाडीचा एकही नट आता सैल राहिलेला नाही.

भाऊजी


२ एप्रिल

भाऊजी,

सेफ्टी ऑफिसर म्हणून सांगते, आरसा फिरवा. तो तसा असताना तुम्ही माझ्या गेटवर आला असतात तर मीही तुम्हाला परत पाठवलं असतं, आणि तुम्ही माझा हात धरला असतात तर मी शिट्टी वाजवली असती. त्या झेंडेवाल्याच्या घरीही कुणीतरी त्याची वाट बघत असेल.

मेव्हणी म्हणून काही सांगत नाही. मेव्हणी फक्त एक आठवण सांगते. ताई माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा मी तिची मान चोळून देत होते. म्हणाली, "हे आपले मजेत पुढे बघतात. मागचं बघून बघून माझी मान एका बाजूला राहिली." मी म्हटलं, मग सांग ना भाऊजींना, त्यांचा आरसा त्यांना बघू दे. तर म्हणाली, "सांगितलं तर लगेच ऐकतील गं. म्हणून नाही सांगत." घ्या. तुमच्या सतरा "हं"वर तिचं हे एक उत्तर.

आता काम. हेल्मेट आतून उलटं करून बघा. बनवल्याची तारीख उठवलेली असते. तिथून काही वर्षांनी ते बाद, वापरा की नुसतं सीटवर ठेवा. प्लास्टिक बसल्या जागी कडक होत जातं. हा नियम मी रोज दुसऱ्यांना सांगते. आणि माझ्या हेल्मेटची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. दुसरं हेल्मेट मला पाठवून द्या. इथे गेटवर मीच उभी असते आणि दिवसभर मागचंच बघत असते. ताईचं डोकं आणि माझं डोकं मापाने एकच आहे, आतल्या मालात फरक असला तरी.

स्टोअरची खुर्ची मी कालच दुसऱ्याला देऊन टाकली. आता तुम्हाला इकडे यायला काही निमित्त उरलेलं नाही.

माल घेऊन जाल त्या दिवशी डबा घेऊन जा. नियमरावांना नियमराव म्हणू नका.

धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

परवा माल उतरला. गेटची वेळ अकराची होती. मी अकराला पोचलो. बूट अजून चावतात.

नियमराव गाडीपाशी आले. या वेळी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून ठेवले होते. म्हणाले, "काका, आरशात काय दिसतं?"

मी म्हणालो, "तुम्ही."

"आणखी?"

"झेंडेवाला."

"आणखी?"

"कठडा. नवीन आणलात वाटतं."

"जुन्याने राजीनामा दिला," म्हणाले.

मी त्यांची माफी मागितली, हाताबद्दल. एवढंच सांगितलं की तो आरसा घरच्या माणसाने लावलेला होता. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. हेल्मेट जरा सारखं केलं आणि बाजूला झाले.

मग गाडी मागे घेतली. काच खाली केली होती. कान मागेच होते, ते लपवत नाही. पण डोळे आरशात ठेवले. झेंडेवाल्याने हात हलवला तसा मागे गेलो. वाटेत तो एकदा कडेला दिसेनासा झाला तेव्हा ब्रेक लावला. तो पुन्हा दिसला तेव्हा सोडला. शेवटी त्याने दोन्ही हात वर केले. थाप पडली नाही, तरी थांबलो. कठड्याला धक्का लागला नाही. उतरून चाकाखाली पाचर लावली. नियमरावांनी मला गेटचं वर्षभराचं कार्ड दिलं आणि म्हणाले, पुढची खेप शुक्रवारी आणा. मालकांना कळवलं. ते म्हणाले, मग गिऱ्हाईकाला नको सांगतो.

हेल्मेट काल पाठवलं. मागे पट्टी आहे, ती आवळून घे. तुझं डोकं तिच्याइतकं नाही, जरा लहान आहे. ती तसं नेहमी म्हणायची, मी सांगत नव्हतो.

मानेचं मला माहीत नव्हतं.

आरसा कसा फिरवला ते राहिलं. परवाच सकाळी फिरवला, ब्लॉक भरायला जायच्या आधी. आदल्या दिवशी नटाला तेल सोडून ठेवलं होतं. या कामाला खरं तर दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून 'अजून आत, अजून आत, बस' असं सांगायचं आणि दुसऱ्याने खाली उभं राहून फिरवायचं. फिरवायच्या आधी मी एकदा तिच्या सीटवर जाऊन बसलो. मी तिथे कधी बसलो नव्हतो. तिथून सगळं दिसत होतं. फाळका, त्याच्यामागची गल्ली, पार टोकाचा दिवा. आरसा जागेवर नीट लावलेला होता.

मग खाली उतरलो, नट सैल केला, थोडा फिरवला, पलीकडून चढून माझ्या सीटवर बसून बघितलं, पुन्हा उतरलो, पुन्हा थोडा फिरवला. असं बऱ्याच वेळा झालं. गल्ली माझ्या बाजूने दिसायला लागली तेव्हा नट आवळला, आरशावर तेलाची बोटं उठली होती ती फडक्याने पुसली आणि पाना सीटखाली ठेवून गाडी भरायला यार्डात गेलो.

भाऊजी